पार्श्वभूमी धूसर असावी

"श्री. रामहरी ज्ञानोबा हिंगणे, वय वर्षे पंचेचाळीस, मुक्काम बारामती, शिक्षण जुनी अकरावी, व्यवसाय छायाचित्रण. बांधा मध्यम, वर्ण निमगोरा, चष्मा सोनेरी काडीचा. बारामती व इंदापूर या उभय तालुक्यांतील लोकजीवन, कृषिवैभव, पशुधन आणि निसर्गसौंदर्य यांचे सदरहू गृहस्थांनी आपल्या कॅमेऱ्याद्वारे अहोरात्र जतन केले असून, त्यांच्या नजरेतून सुटलेली एकही उल्लेखनीय बाब उभय तालुक्यांत शिल्लक नाही."

हा परिचय १९९८ साली एका मंडळाने केलेल्या जाहीर सत्कारात वाचून दाखवण्यात आला. मजकूर रामहरीरावांनी स्वतःच लिहून दिला होता. मंडळाच्या सेक्रेटरीने त्यात फक्त एक शाल आणि एक नारळ यांची भर घातली. वर्ण निमगोरा, ही माहिती सत्कारात कशाला, असं काहींना वाटलं. पण ज्याने वीस वर्षं समोर बसलेल्या प्रत्येकाला आधी वर्णानं आणि मग नावानं ओळखलं, त्याला स्वतःच्या बाबतीत हा तपशील गाळणं जमलं नसावं.

एसटी स्टँडजवळ त्यांचा 'नयनदीप' स्टुडिओ होता. आत एक स्टूल, दिव्यांच्या दोन छत्र्या, मागं निळा पडदा आणि खुंटीला एक कोट. हा कोट काळा होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास येई आणि तो सर्वांचा होता. एमआयडीसीत नवीन लागलेली पोरं गेटपासच्या फोटोसाठी मोटारसायकलवरून येत, बाहेर आरशात केसांवरून कंगवा फिरवत आणि आत जाऊन तो कोट चढवत. "मान सरळ. हनुवटी खाली. श्वास रोखा. हसू नका, हसण्यानं चेहऱ्याचं माप बिघडतं." एवढं ऐकल्यावर कोण हसतोय? एका कारखान्यात तर निम्म्या पासांवर हाच कोट होता, आणि कोटाच्या वर आताच काहीतरी वाईट बातमी कळल्यासारखी वेगवेगळी तोंडं. वॉचमनची काही तक्रार नव्हती. तो फोटो बघतच नसे.

इथवर ठीक होतं. फोटोग्राफर म्हणून रामहरीराव काही जगावेगळे वाईट नव्हते. अडचण एवढीच, की त्यांना सल्ला देता येत असे.

त्यांच्याकडे फोटोग्राफीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्याचं मुखपृष्ठ गेलं होतं, त्यामुळं लेखक कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि हळूहळू तो मान रामहरीरावांकडे आला. त्यातले नियम ते गिऱ्हाइकाला, गिऱ्हाइकाबरोबर आलेल्याला आणि शेजारच्या रसवंतीवर बसलेल्याला फुकट सांगत. सूर्य पाठीशी घ्यावा. क्षितिज मधोमध येऊ देऊ नये. लहान मुलाचा फोटो त्याच्या उंचीवर बसून काढावा. वस्तूचा आकार कळावा म्हणून शेजारी ओळखीची वस्तू ठेवावी. नियम खरे होते. पुस्तकात ते बिचारे शहाण्यासारखे नांदत होते. रामहरीरावांच्या हाती लागेपर्यंत त्यांनी कुणाचं वाईट केलेलं नव्हतं.

पिंपळीचा कुंडलिक एकदा भोपळा घेऊन आला. भाजीपाल्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता आणि हा भोपळा तर त्यानं लेकरासारखा मांडीवर घेऊन एसटीतून आणला होता. प्रदर्शनाला पाठवायला फोटो हवा होता. रामहरीरावांनी ओळखीची वस्तू म्हणून शेजारी ठेवला शोकेसमधला संगमरवरी ताजमहाल. फोटो झकास आला. भोपळा ताजमहालाच्या घुमटापेक्षा मोठा दिसत होता. प्रदर्शनवाल्यांना तो ताजमहाल केवढा हे काही माहीत नव्हतं, त्यामुळं भोपळा केवढा हेही कळलं नाही. कुंडलिकला पत्र आलं की आपला विनोद आवडला.

पुढं पंचाण्णव सालच्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. उत्तरेकडं खग्रास, आपल्याकडं खंडग्रास. रामहरीरावांनी वाचनालयाच्या सभागृहात 'ग्रहणाचे छायाचित्रण: शास्त्र आणि दक्षता' या विषयावर तासभर व्याख्यान दिलं. डोळ्यांची काळजी कशी घ्यावी हे त्यांनी नीट सांगितलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग म्हणाले, ग्रहणात प्रकाश कमी पडतो हे सर्वज्ञात आहे, म्हणून जाणकारानं जवळ फ्लॅश ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या गच्चीवर उभं राहून त्यांनी सूर्यावर फ्लॅश मारला. सूर्याचं काय झालं ते सर्वांनी पाहिलंच. तो तासाभरात पूर्ववत झाला. श्रेय मात्र कुणी दिलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी नवी लेन्स घेतली आणि सगळ्या नियमांचा राजा त्यांच्या हाती आला. विषय एक असावा, आणि पार्श्वभूमी धूसर असावी. लेन्सचं तोंड मोठं उघडायचं, समोरच्या माणसावर नेम धरायचा, मागचं सगळं विरघळून जातं. "मागं काय आहे याला किंमत नाही," ते म्हणत, "किंमत समोरच्याला." त्यांनी मुंजीचे फोटो काढले तर बटू तेवढा स्वच्छ, आईबाप धुक्यात. लग्नाचे काढले तर नवरा ठळक, नवरी ढगात. लोक तक्रार करायला येत आणि डेप्थ या विषयावर ऐकून परत जात.

अशा माणसाकडं बानूबाईचं काम आलं.

बानूबाई डाळजची, हायवेपासून आत उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला तिचं घर. नवरा बिरू सत्तरीला आलेला. धनगराचं घर, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पण पाणी आलं, जमीन भिजायला लागली, एकुलता एक मुलगा भिमा एमआयडीसीत लागला, आणि बिरूआबांच्या गुडघ्यांनी मेंढरांमागं चालायचं नाकारलं. शेवटी ठरलं की कळप विकायचा. एक व्यापारी ट्रक घेऊन यायचा होता. बिरूआबांनी होकार दिला आणि त्या दिवसापासून बोलणं कमी केलं.

बानूबाईनं विकायला विरोध केला नाही. तिनं एकच अट घातली.

"इकायची तर इका. पर त्याआधी त्यांचा फोटू काढा. समद्या मेंढरांचा, आन् मधी ह्यांचा."

"आये, मेंढरांचा फोटू कुणी काढतं का?" भिमा म्हणाला.

"मग कुणाचा काढत्यात? तुज्या कारखान्याचा?" बानूबाई म्हणाली. "उद्या तुजी पोरं इचारतील, आज्जे, आपण कोण व्हतो. तवा म्या त्यांना काय दावू? ऊस?"

बिरूआबांची हरकत वेगळी होती. अख्खा कळप एका नजरेत कुणाला दाखवू नये, दृष्ट लागते, ही त्यांच्या घरातली रीत. आल्यागेल्यानं मेंढरं किती असं विचारलं तर त्यांनी आजवर 'हायती थोडी' याच्या पलीकडं उत्तर दिलेलं नव्हतं.

"कळप असा कुणाच्या डोळ्यात भरू देऊ न्हाय," ते म्हणाले.

"टरकात भरायला निघालाय, आन् डोळ्यात भरला तर वंगाळ?" बानूबाई म्हणाली. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट लावतात. मेंढरं आधीच काळी, त्यांना तीट कुठं लावणार? म्हणून तिनं म्होरच्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावायचं ठरवलं. झालं, आबांची हरकतही मिटली. भिमा नयनदीपला जाऊन सांगून आला: ट्रक दुपारी येणार, तुम्ही सकाळी लवकर या, मेंढरं चरायला निघतात तेव्हा.

रामहरीराव अकराला पोचले. सकाळचं ऊन कोवळं असतं, त्यात काळ्या रंगाला उठाव येत नाही, असं त्यांनी मोटारसायकलवरून उतरता उतरता जाहीर केलं. बानूबाईनं चहा दिला. तो घेताना त्यांनी पाण्याकडं पाहिलं. हिवाळ्याचे दिवस, फुगवट्याच्या उथळ पाण्यात लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, गुलाबी रेघ मारल्यासारखा. डाळजच्या लोकांना त्याचं काही नव्हतं. दरसाल यायची ती पाखरं.

"इथं हे असलं आहे आणि तुम्ही मला मेंढरांना बोलावलंत?" रामहरीराव म्हणाले.

"पाखरं काय, आमी न्हाय पाळली," बानूबाई म्हणाली. "चला, ऊन चढतंय."

ऊन चढलंच होतं. ऊन चढलं की मेंढरं एक काम करतात, ते सगळ्या मेंढपाळांना ठाऊक असतं आणि त्या जाड पुस्तकात नसतं. ती एकमेकांना खेटून गोल उभी राहतात आणि प्रत्येक मेंढरू आपलं तोंड शेजारच्याच्या पोटाखाली सावलीत घालतं. रामहरीराव कॅमेरा सरसावून गेले तेव्हा त्यांच्यासमोर पाठीच पाठी होत्या.

"यांची तोंडं कुठं आहेत?"

"आत," बिरूआबा म्हणाले.

"बाहेर काढा."

"उनाचं काढत न्हाईत ती."

"आबा, फोटो म्हटला की चेहरा लागतो. नुसत्या ढुंगणांचा फोटो काढून मी तुम्हाला काय देऊ?"

"म्हून तर सकाळचं बोलावलं व्हतं," भिमा म्हणाला. रामहरीरावांना ते ऐकू गेलं नाही. त्यांना अशा गोष्टी ऐकू जात नसत.

बिरूआबांनी जिभेनं टाळू वाजवून म्होरची मेंढी बाहेर काढली. तिच्यामागून आणखी पाच-सहा निघाल्या. बानूबाई त्यांना नावानं हाका मारत होती, "ये टिकले, ये कानतुटे," आणि त्या खरंच येत होत्या. त्या घडीला बिरूआबा घोंगडं खांद्यावर टाकून, डोक्याला पटका, हातात काठी, असे कळपाच्या तोंडाशी उभे होते. बानूबाईला हवा होता तो फोटो तिथं तयार उभा होता. फक्त बटण दाबायचं होतं.

रामहरीरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"त्या मेंढीच्या डोक्यावर पिवळं काय आहे?"

"भंडारा हाय. द्रिष्ट लागू न्हाय म्हून."

"डाग दिसेल." त्यांनी खिशातला रुमाल काढून भंडारा पुसला. "आणि आबा, हे घोंगडं काढा. काळं घोंगडं, काळी मेंढरं, माणूस कुठला आणि जनावर कुठलं कळणार नाही. विषय उठून दिसला पाहिजे." असं म्हणून त्यांनी पिशवीतून कोट काढला.

बिरूआबा बायकोकडं बघत राहिले. तिला वाटलं, फोटोतली माणसं कोटातच असतात, कारखान्याच्या पासावर भिमाही होता. असेल तशी रीत. ती म्हणाली, "घाला, दोन मिंटाचं काम हाय." त्या एका वाक्याबद्दल तिनं पुढं स्वतःला बरंच काही म्हणून घेतलं. वास्तविक तिचा काही दोष नव्हता. रीत मोडायची नाही हे ज्या घरात पाळलं जातं, तिथं दुसऱ्याच्या धंद्याचीही रीत असणार असं माणूस धरून चालतं.

आबांनी पटका काढला, घोंगडं काढलं, काठी भिमाकडं दिली आणि कोट घातला. पहिला भुंकला त्यांचाच कुत्रा. डांबरगोळ्यांच्या त्या वासासकट ते कळपाकडं एक पाऊल गेले तशी टिकली मागं सरली, तिच्यामागं कानतुटी, आणि बघता बघता कळप वीसेक हात लांब जाऊन पुन्हा तोंडं खाली घालून उभा राहिला. आयुष्यभर या माणसाच्या हाकेला ओ देणारी मेंढरं, पण या कोटवाल्याशी त्यांची ओळख नव्हती.

"आवो, ती लांब गेली," बानूबाई म्हणाली.

"राहू दे तिथंच," रामहरीराव म्हणाले. "उत्तम आहे. पार्श्वभूमी म्हणून कामाला येतील. आबा, मान सरळ. हनुवटी खाली. श्वास रोखा."

त्यांनी लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि मनापासून, नियमाप्रमाणे, एकामागून एक फोटो काढले. बिरूआबा श्वास रोखून उभे होते. हायवेकडून ट्रक आत वळला. वस्तीजवळ आल्यावर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, लांबलचक, आणि पाण्यावरची ती गुलाबी रेघ उठली.

कबूल करायला हवं, ते दृश्य बघण्यासारखं होतं. पाण्यात उभा रोहित पक्षी फिका गुलाबी दिसतो. तो उडाला की पंखाखालचा लाल रंग उघडतो, आणि हजारभर पंख एकदम उघडले की आभाळाला ठिणगी पडल्यासारखं होतं. रामहरीराव पाठ फिरवून पाण्याच्या दिशेनं धावले. माणसांच्या फोटोची ती लेन्स. तिच्यातून तो थवा तीळ सांडल्यासारखा दिसत असणार. पण ते काढत सुटले.

इकडं ट्रकचं फाळकं उघडलं. व्यापाऱ्याला घाई होती. मेंढरं उचलून आत टाकायला सुरुवात झाली. बिरूआबा कोटातच उभे होते, काढायचं कुणी सांगितलं नव्हतं.

"आवो फोटूवालं," बानूबाई पाण्यापर्यंत त्यांच्यामागं गेली. "मेंढरं निघाली. आवो, त्यांचा काढायचा राहिला न्हवं का."

"मावशी, हलू नका, पाखरं बिचकतील."

"उडून गेली की ती. आता काय बिचकायची राह्यलीत? हिकडं बघा."

"एक मिनिट. असा योग पुन्हा यायचा नाही." कॅमेरा डोळ्यावरून न काढता ते म्हणाले, "मेंढरांचं काय, मेंढरं कधीही काढता येतात."

रोल संपल्याचा खटका वाजला तेव्हा ट्रक हायवेला लागला होता. पक्षी मात्र एक चक्कर मारून पुन्हा त्याच पाण्यात उतरले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच चरत होते.

रोल धुवून पुण्याहून आला, तेव्हा बानूबाई भिमाच्या गाडीवर मागं बसून बारामतीला आली. रामहरीरावांनी प्रिंट काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले. प्रत्येकात बिरूआबा. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतके स्वच्छ, कोटात, श्वास रोखलेले. मागं पाणी असावं असं काहीतरी, आणि मधे, बोटानं काजळ फिरवावं तसा, एक काळा पट्टा.

बानूबाईनं सगळे प्रिंट पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"मेंढरं कुठं हायत?"

रामहरीरावांनी पेन्सिल घेतली. "हे काय, हे. हा काळा भाग म्हणजे आपली मेंढरं. याला डेप्थ म्हणतात, मावशी. पुण्यातसुद्धा सगळ्यांना जमत नाही."

"ह्यात कानतुटी कुठली?"

त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. माणूस कामात चोख होता. "साधारण इथं असेल," ते म्हणाले आणि पट्ट्याच्या मधोमध पेन्सिल टेकवली.

"माज्या मेंढरांना पाय व्हतं," बानूबाई म्हणाली.

भिमा काहीतरी बोलणार होता, तिनं त्याला हातानंच थांबवलं. रामहरीरावांनाही कुठंतरी जाणवलं असावं की गिऱ्हाईक समाधानी नाही. त्यांनी उपाय सुचवला. त्यांच्याकडं एक जुनं कॅलेंडर होतं, राजस्थानातल्या मेंढरांचं, फार सुंदर, पांढरीशुभ्र. त्यातून कळप कापायचा, आबांना कापायचं, दोन्ही चिकटवून वरून फोटो काढायचा. सांधा दिसणार नाही याची हमी.

"ती कुणाची हायत?"

"काय फरक पडतो, मावशी? मेंढरू सगळं सारखंच."

बानूबाईनं पदर नीट केला. "भिमा, चल," ती म्हणाली. "ह्या फोटूवाल्यांच्या लग्नाचा फोटू बघ कवातरी. त्यात ह्यांची बायको तरी हाय का न्हाय, काय ठावं."

रसवंतीवरच्या मंडळींना हे ऐकू गेलं आणि दोन-चार दिवस त्यांना ते पुरलं. रामहरीरावांना वाईट वाटलं नाही. अडाणी गिऱ्हाइकाला कलेतलं कळत नाही, हाही पुस्तकातला नसला तरी त्यांचा जुना नियम होता. त्या रोलमधला पक्ष्यांचा एक फोटो त्यांनी दाराएवढा मोठा करून घेतला. ठिपके फारच फिके आले होते, म्हणून ब्रशनं एकेकाला गुलाबी रंग दिला. रंग देताना हात सुटला आणि थवा दुप्पट झाला. 'उजनीचे वैभव' असं नाव देऊन तो त्यांनी एका सभागृहाला भेट दिला. पुढं मंडळानं सत्कार केला तो याच फोटोसाठी. व्यासपीठावर बोलताना रामहरीरावांनी सांगितलं की छायाचित्रकारानं सदैव सावध असावं, कारण क्षण परत येत नाही. टाळ्या पडल्या.

बिरूआबा सत्काराच्या आदल्या पावसाळ्यात गेले. भिंतीवर लावायला घरात त्यांचा तोच कोटातला फोटो होता. भिमानं तो मढवून आणला. बानूबाईनं तो लावू दिला नाही. हा माणूस माज्या वळखीचा न्हाय, म्हणाली. तो ट्रंकेत आहे. भिमाची मुलं आता शाळेत जातात. डाळजच्या त्या घरात मेंढराचा एकही फोटो नाही.